नववा पाठ

८ फेब्रुवारी १९५९, रविवार. जामसंडे

पलटणीत रोजनिशी लिहायला लावतात, पण ती साहेब वाचतो, त्यामुळे तिच्यात सगळं कसं गुळगुळीत लिहावं लागतं. ही वही माझी. हिच्यात खरं लिहीन.

अडीच महिन्यांच्या रजेवर आलो तो खिशात हुकूम घेऊनच. आपल्या सैन्याची एक शिक्षण-तुकडी आफ्रिकेतल्या एका मित्रदेशात जाणार आहे, तिथली नवी फौज तयार करायला. देशाचं नाव बाहेर सांगायला मनाई आहे म्हणून इथेही लिहीत नाही. बंदूक शिकवायला दुसरे आहेत. रोगांपासून दूर कसं राहायचं ते शिकवणार हवालदार सत्यवान धुरी, आरोग्य शिक्षक. बारा पाठ लिहून न्यायचे आहेत. बारा वर्षं संडासाचे चर मोजले आणि डासांवर फवारे मारले, त्याचं चीज झालं एकदाचं.

आई गावभर सांगत सुटली आहे, "माजो झील परदेशी लष्कराक शिकवूक जातलो." सांगू दे. खोटं काय आहे त्यात?

दिवाळीला पंधरा दिवस येऊन गेलो होतो, आनंदीला आता चौथा महिना लागला. आधीची तिन्ही गेली. पहिलं सातव्यात, मेलेलंच. दुसरंही मेलेलं, अंगाची साल सुटलेली. तिसरा मुलगा होता, अकरा दिवस जगला. नाक सारखं चोंदलेलं, बिचाऱ्याला दूध ओढता येईना. आईने आता स्पष्ट सांगितलं आहे की हे चौथं गेलं तर आनंदीने विजयदुर्गला माहेरी जावं, ते कायमचं. मी आईच्या तोंडाला तोंड देत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, आईनेही किती वाट बघायची?

११ फेब्रुवारी

कामाची पद्धत ठरली. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं. आनंदी मराठी पाचवी शिकलेली आणि अक्षर वळणदार. मी घरापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालत सांगायचं, तिने ओसरीवर बसून लिहायचं. मग ते कागद शाळेतल्या शंकर मास्तरांकडे जातात, ते इंग्रजी करून देतात. पहिले दोन पाठ झाले. मध्ये मध्ये मी तिला जवान समजून प्रश्न विचारतो. उत्तर देताना उभं राहायचं, असं शिकवलं आहे. पोट घेऊन उठायला वेळ लावते, पण शिस्त म्हणजे शिस्त.

१५ फेब्रुवारी

पिण्याच्या पाण्याचा पाठ. नुसतं सांगून काय उपयोग, करून दाखवावं म्हणून विहिरीत औषध टाकलं. आईने आकाशपाताळ एक केलं. "बावीचां पाणी जांभळां झालां! मेल्या, देवाक काय ह्यां पाणी घालू?" आनंदी तोंडाला पदर लावून हसली. सात वर्षांत तिला असं हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. चारचौघांत नवऱ्याला हसते म्हणून मी तिला तिथल्या तिथे झापली.

२२ फेब्रुवारी

आई देवळात जाऊन कौल लावून आली. गुरवाने देवाच्या अंगावर कळ्या लावल्या, डावीकडची आधी पडली. म्हणजे दोष सुनेच्या माहेरचा, तिच्याबरोबर आलेला. मी आरोग्य खात्याचा माणूस, कौलाबिलाला मानत नाही. पण या वेळी देव बोलला ते पटण्यासारखं आहे. आमच्या घराण्यात कुणाची पोरं अशी गेलेली नाहीत.

२६ फेब्रुवारी

नववा पाठ, गरमी आणि परमा, म्हणजे गुप्तरोग. फौजेतल्या शिक्षणात हाच सगळ्यात महत्त्वाचा. बाईमाणसासमोर कसा सांगायचा म्हणून आधी थबकलो. मग म्हटलं, आपली बायको आहे, शिवाय तिला काय कळणार आहे! घडाघडा सांगत गेलो. गरमीचा पहिला फोड दुखत नाही. तीन आठवड्यांत औषधाशिवाय बरा होतो, आणि तिथेच माणूस फसतो. फोड गेला म्हणजे रोग गेला असं नव्हे. रक्तात वर्षानुवर्षं राहतो. बायकोला लागतो, तिलाही कळत नाही. पोरं पोटात मरतात, किंवा अंगाची साल गेलेली आणि नाक चोंदलेली जन्मतात. मात्र गर्भारपणातच पेनिसिलिनच्या सुया घेतल्या तर मूल धडधाकट होतं.

इथे टाक थांबला. मी म्हटलं, "काय झालां गो?"

"शाई संपली," म्हणाली. दौत अर्धी भरलेली होती.

मग मान वर न करता विचारते, "फोड गेलो तरी रोग आसताच?"

"तसंच सांगितलं ना आत्ता?"

"आणि बापयाक कळणा नाय. मगे बायलेक कसां कळतलां?"

म्हटलं, प्रश्न पाठ संपल्यावर विचारायचे. पुढचं तिने लिहिलं, पण त्या पानाचं अक्षर बिघडलं. मास्तरांकडे पाठवताना लाज वाटली.

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो. लग्नाआधी सहा महिने, अंबाल्याला असताना, सोबत्यांनी बळेबळे एका घरी नेलं होतं. एकदाच. नंतर मला एक फोड आला होता. पण तो सायकलच्या सीटने आला. नवी सीट होती आणि कडक होती. दुखला नाही, महिन्याच्या आत गेला. मी रिपोर्ट केला नाही, कारण सायकलच्या फोडाचा रिपोर्ट कोण करतो? बारा वर्षांत माझं नाव रुग्णपत्रकावर एकदाही चढलेलं नाही.

३ मार्च

सकाळी भाकऱ्या थापता थापता आनंदी म्हणाली, "बंदरावरच्या दवाखान्यात दर मंगळवारी डाक्टरीण येता. माका घेवन चला. त्यो सुयो माका होयेत."

मी तिला नीट समजावलं. म्हटलं, त्या सुया वाईट चालीच्या बायकांना देतात. तिथे रक्त काढतात, नाव वहीत चढतं, नवऱ्याचं नाव विचारतात, पलटण विचारतात. कागद फिरत फिरत माझ्या साहेबाच्या टेबलावर गेला तर? गरमीवर शिकवायला निघालेल्या हवालदाराच्या घरात गरमी! परदेश तर जाईलच, दंडावरची फीतसुद्धा जाईल.

"आणि पोर गेलां तर?" म्हणाली.

म्हटलं, पोरं देवाच्या हातात. तिने भाकरी करपवली.

१० मार्च

आज आनंदी बंदरावर मासळी आणायला गेली ती दुपार करून आली. आणली काय तर चार बांगडे. आई म्हणाली, "चार बांगड्यांक चार तास?"

१७ मार्च

पुन्हा मंगळवार, पुन्हा मासळी. येताना डावा पाय ओढत चालत होती. विचारलं तर म्हणे ठेच लागली. ठेच लागून कंबर धरतात काय? नखरे आहेत सगळे. दहावा पाठ संपला, उवा आणि खरूज.

२५ मार्च

काल होळी. मांडावर, होळीच्या जागी, सगळे बापये जमलेले, कुणीतरी म्हणालं, हवालदार, तुमचा तो पाठ होऊ दे. शिमग्यात काय बोलायला चोरी नसते, मीही सुटलो. नववा पाठ मालवणीत असा रंगवला की लोक हसून लोळले. वाईट बायका कशा ओळखाव्या हे मी पदरचं घातलं. टाळ्याच टाळ्या! परदेशात असाच रंगला पाहिजे. मागे बायकांत उभ्या असलेल्या आईला ऐकून अभिमान वाटला, पण आनंदी घरीच होती. कंबर दुखते म्हणून पडून होती.

१ एप्रिल, बुधवार

आज घरात जे झालं ते कुणाच्या घरात न होवो.

आईला आनंदीच्या लुगड्याच्या घडीत दवाखान्याचं कार्ड मिळालं. आई वाचत नाही, तिने मला आणून दिलं. नाव आनंदी सत्यवान धुरी. रक्तदोष आहे. आठ सुया, दर मंगळवारी एक. चारांवर खूण. आणि खाली लाल शाईत, नवऱ्यालाही तपासणीस आणावे.

तिला खळ्यात बोलावली.

"ह्यां काय?"

"पोर वाचूक होयां, म्हणान घेतलंय. चार झाल्यो, चार रवल्यो."

"कोणाकडसून लागलो तुका हो रोग?"

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "माका एकच घोव आसा. तेच्याकडसून."

हात उठला. एकच मारली, आणि पोट सांभाळून मारली. ती रडली नाही, तेच मला खटकलं. ती उभी राहिली, मी शिकवल्यासारखी ताठ, आणि नववा पाठ म्हणायला लागली. पहिला फोड दुखत नाही, तीन आठवड्यांत औषधाशिवाय बरा होतो. शब्द न चुकता, माझ्याच शब्दांत. आई मध्येच ओरडली, "गरमी? आमच्या घराण्यात? सात पिढ्यांत नाय!" मी कार्ड चुलीत घातलं.

आनंदी म्हणाली, "कार्ड जळलां म्हणान काय झालां? डाक्टरणीच्या वयत माजां नाव आसा."

कुठून आली ही जीभ? सात वर्षं तोंडात मूग होते.

२ एप्रिल

सकाळी तिने माझे पाय धरले. "एकदा माज्यावांगडा चला. डाक्टरीण कोणाक सांगूची नाय. सुयो घेतलात काय तुमीय बरे जातल्यात. ह्यां एक पोर वाचांदे, मगे माका खंयय धाडा."

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. सालीचं पोर आठवलं. अकरा दिवसांच्या मुलाचं नाक आठवलं, मी पिंजलेल्या कापसाने पुसायचो ते. वाटलं, जाऊन यावं, रक्तच तर द्यायचं. म्हटलं मंगळवारपर्यंत कशाला थांबा, आतल्या कंपाउंडरला विचारून यावं, म्हणून एकटाच बंदरापर्यंत गेलो. पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात आतून आमचे पोस्टमास्तर खोकल्याची बाटली घेऊन बाहेर आले. "काय हवालदार, हयसर खंय?" मी म्हटलं, तुमच्याचकडे येत होतो, तिकिटं हवी होती. पाच तिकिटं घेऊन घरी आलो.

येताना डोकं थंड झालं आणि सगळं स्पष्ट दिसलं. सुया कोण घेतो? ज्याला रोग आहे तो. रक्त कुणाचं खराब निघालं? तिचं. माझं कुणी म्हटलेलं आहे काय खराब? मी वर्षातले दहा महिने पलटणीत असतो, मागे इथे काय चालतं देव जाणे. तिने सात वर्षं मला फसवलं आणि माझी तीन पोरं खाल्ली. वर माझंच पुस्तक मलाच वाचून दाखवते! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

विजयदुर्गला तिच्या भावाला, धोंडूला, निरोप धाडला.

४ एप्रिल

धोंडू मचवा घेऊन आला. मासेमारीतला माणूस, बोलायला रांगडा, पण माझ्यासमोर हात जोडून उभा. "भावजी, मी ह्यां काय आयकतंय? माजी भयण तशी न्हय."

मी अंगणात, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. रोगाच्या बाबतीत लपवाछपवी करू नये, हे आमचं पहिलं तत्त्व आहे. शेजारच्या बायकांनी आपापली पोरं आत ओढली. त्यातली एक कालपर्यंत आनंदीकडून पत्रं लिहून घ्यायची.

आईने तिचं ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळं काढून दिलं. ओटी भरली नाही. धोंडू म्हणाला, "ओटी तरी भरा. पोटात तुमचां पोर आसा." आई म्हणाली, "कोणाचां आसा तां तिका इचार."

आनंदीने आईला वाकून नमस्कार केला. मला केला नाही. उंबऱ्याबाहेर जाऊन भावाला एवढंच म्हणाली, "दादा, मंगळवारी माका बंदरार आणशील मां? चार रवल्यो."

तो पाठमोरा डोळे पुसत होता. मला त्याची कीव आली. अशी बहीण कुणाच्या नशिबी येऊ नये.

१५ एप्रिल

शंकर मास्तर बाराव्या पाठाचं इंग्रजी घेऊन आले. उगाच घुटमळत होते. मग म्हणाले, "काल आनंदीबाई बंदरावर दिसल्या. समुद्राला उधाण होतं तरी मचव्यातून आल्या होत्या. भिजून चिंब. दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या."

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही इंग्रजीपुरतं बघा.

जाताना म्हणाले, "हवालदार, नववा पाठ मी इंग्रजी केला. त्यात नवऱ्याबद्दल जे लिहिलंय..." मी दार लावलं. शिकलेल्या माणसांना दुसऱ्याच्या घरात डोकवायची फार खोड.

२२ एप्रिल. पुणे

वैद्यकीय तपासणी झाली. डोळे, दात, छाती, पाय, सगळं उत्तम. फॉर्मवर एक प्रश्न होता, आजवर गुप्तरोग झाला आहे काय? मी ‘नाही’ लिहिलं. डॉक्टरसाहेबांनी माझी जुनी पत्रकं चाळली, कोरी करकरीत. हसून म्हणाले, "नववा पाठ लिहिणाऱ्यालाच हे काय विचारायचं!" आणि शिक्का मारला.

आता कागदावरच आलं की मी निरोगी आहे. हा कागद घरी पाठवून आईला मास्तरांकडून वाचून घ्यायला सांगितलं. दोन-चार माणसांसमोर वाचा, असंही लिहिलं.

१९ जून. छावणी

महिना झाला इथे येऊन. उन्हाळा आपल्याकडच्यासारखाच, मासळी मात्र नाही. जवान उंच आणि काटक, शिकायला उत्सुक. पण शिस्त कमी.

आज नववा पाठ. साठ जवान, शेजारी दुभाषी. मी पाठात एक खरी हकीकत नवी घातली. माझ्या ओळखीचा एक हवालदार, सज्जन, निर्व्यसनी. घरच्या बायकोने दगा दिला आणि त्याची तीन मुलं गेली. तेवढ्यात मागच्या रांगेतला, कानशिलं पिकलेला एक लान्सनायक उभा राहिला. दुभाष्याने त्याचा प्रश्न सांगितला. त्या हवालदाराचं रक्त कुणी तपासलं होतं का?

मी म्हटलं, बसा खाली.

तो बसला नाही. पुन्हा काहीतरी म्हणाला. दुभाष्याने ते सांगायचं टाळलं. मी त्याला छावणीभोवती तीन फेऱ्या पळायला लावला.

२४ ऑगस्ट. छावणी

शंकर मास्तरांचं पत्र आलं. पावसात बोटी बंद म्हणून महिना लागला. लिहितात, १९ जुलैला विजयदुर्गला मुलगा झाला. सात पौंडांचा, गुटगुटीत. कातडी स्वच्छ, नाक मोकळं, दूध भराभर ओढतो. आठही सुया पुऱ्या झाल्या होत्या, एका मंगळवारी मचवा उलटता उलटता वाचला, पण खाडा झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्तही पाहिलं, काही दोष नाही. आनंदीबाईंनी बारसं धरून ठेवलं आहे. नाव त्याच्या बापाने कळवावं म्हणतात. खाली मास्तरांनी आपलं म्हणून लिहिलं आहे, झालं गेलं विसरा, मुलाकडे बघा.

पत्र दोनदा वाचलं. खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. माझा मुलगा, जिवंत! बाजूच्या खाटेवरच्या सुभेदाराला हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं. वडिलांचं नाव ठेवायचं असंही मनात येऊन गेलं.

मग बसून शांतपणे विचार केला. आम्ही आरोग्य खात्याचे लोक पुराव्याने चालतो, मायेने नव्हे. पहिली तीन पोरं माझी होती. तेव्हा नवी नवरी, आई तिला उंबरा ओलांडू देत नव्हती, त्यात शंकेला जागाच नाही. ती तिन्ही मेली. आणि हे जगलं. माझी तिन्ही जर जगली नाहीत, तर हे जगणारं माझं कसं असेल?

मास्तरांना तसं साफ कळवलं, आणि सोडचिठ्ठीचा कागद करून ठेवायला सांगितलं. मुलाला माझं नाव लावू नये, हेही लिहिलं. आईला वेगळं पत्र टाकलं. पुढच्या रजेत लग्न उरकून घेऊ, तोवर मुलगी बघून ठेव. वयाने लहान असली तरी चालेल, अठराची वगैरे, काळीसावळी चालेल, हुंडा नको. फक्त घराणं निरोगी असल्याची नीट चौकशी कर.